शहाण्याची रीत, वेड्याची रीत : बुद्धिमापनाच्या इतिहासातून

वर्गात एखादे मूल प्रश्नाला उत्तर देत नाही किंवा भलतेच उत्तर देते, तेव्हा दोन शक्यता असतात. एक तर मुलाला ते येत नसते, किंवा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. अनुभवी शिक्षक दुसरी शक्यता आधी तपासतात. प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, ओळखीचे उदाहरण देतात, शेजारच्या मुलाला 'तुमच्या भाषेत सांग रे याला' म्हणतात. मानसशास्त्रातील चाचण्यांना मात्र ही साधी गोष्ट शिकायला निदान अर्धे शतक लागले. तोवर अनेकांच्या कपाळी 'मंदबुद्धी' हा शिक्का बसून गेला होता. एका समाजात तयार झालेली चाचणी दुसऱ्या समाजातील माणसांना दिली की काय होते, याची ही हकिगत आहे. शाळेतल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेशी तिचा संबंध आहे, म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

पॅरिसमधील सुरुवात

फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण १८८२ साली सक्तीचे झाले. सगळ्या थरांतील मुले शाळेत येऊ लागली आणि त्यांतील काही सतत मागे पडतात हेही दिसू लागले. अशा मुलांसाठी वेगळी सोय करावी म्हणून १९०४ साली सरकारने एक समिती नेमली. पण ही मुले ओळखायची कशी? केवळ शिक्षकांच्या मतावर सोडले, तर खोडकर किंवा नावडत्या मुलाचीही तिकडे रवानगी व्हायची. समितीतील आल्फ्रेड बिने यांनी आपले सहकारी थेओडोर सिमोन यांच्यासह १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणारी तीस प्रश्नांची मालिका तयार केली. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत वयानुसार प्रश्नांचे गट केले आणि त्यातून 'मानसिक वय' ही कल्पना पुढे आली.

ही मोजपट्टी मदत कोणाला हवी हे शोधण्यासाठी होती. तिने मोजलेली गोष्ट जन्मभर तशीच राहते, असे बिने यांना मान्य नव्हते. योग्य शिक्षणाने बुद्धी वाढते, असेच ते सांगत राहिले. तिची एक मर्यादाही त्यांच्या लवकर लक्षात आली. ब्रुसेल्समध्ये डेक्रोली व देगाँ यांनी हीच चाचणी मुलांना दिली, तेव्हा ती मुले पॅरिसच्या मुलांपेक्षा बरीच पुढे निघाली. बेल्जियमची मुले अधिक हुशार की काय? बिने यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की ब्रुसेल्सची ती शाळा सुखवस्तू घरांतील मुलांची होती आणि पॅरिसची मुले कामकरी वस्तीतली. भाषेवर अवलंबून असलेल्या प्रश्नांत फरक विशेष जाणवत होता. म्हणजे भाषा नावाला एकच असूनही घर बदलले की आकडा बदलत होता. याच वर्षी, १९११ मध्ये, बिने वारले. पुढे मोजपट्टी राहिली आणि तिच्यासोबतचा हा इशारा मागे पडला.

१९१२ मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागावे असे सुचवले. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणले. बुद्ध्यंक तो हाच.

एलिस बेटावरचा दुभाषी

अमेरिकेत बिने यांची चाचणी आणली हेन्री गॉडर्ड यांनी. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील मंदबुद्धी मुलांच्या संस्थेत ते संशोधन करत. त्या काळी युरोपातून दरवर्षी लाखो माणसे न्यूयॉर्कच्या बंदरात उतरत. तेथील एलिस बेटावर त्यांची तपासणी होई. मंदबुद्धी व्यक्तीला परत पाठवावे, असा कायदा होता.

१९१२ मध्ये गॉडर्ड एलिस बेटावर गेले. गर्दीतील एक तरुण त्यांना मंद वाटला. दुभाष्यामार्फत त्याला चाचणी दिली, तेव्हा मानसिक वय आठ वर्षे निघाले. दुभाषी म्हणाला की, आपण स्वतः या देशात आलो तेव्हा आपल्यालाही हे जमले नसते. चाचणी त्याला अन्यायाची वाटली असावी. तो तरुण खरोखरच मंद आहे, हे आपण दुभाष्याला पटवून दिले, असे गॉडर्ड यांनी नंतर लिहिले. चाचणी घेणारा तज्ज्ञ होता; पण त्या खोलीत दोन्ही जगांत राहिलेला माणूस एकटा दुभाषीच होता. त्याचे म्हणणे पुरावा म्हणून कोणी धरले नाही.

पुढच्या वर्षी गॉडर्ड यांच्या दोन साहाय्यक स्त्रियांनी तेथे अडीच महिने काम केले. १९१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. त्यांच्या मोजणीनुसार ज्यूंपैकी ८३ टक्के, हंगेरियनांपैकी ८०, इटालियनांपैकी ७९ आणि रशियनांपैकी ८७ टक्के माणसे मंदबुद्धी होती. तपासलेली माणसे किती? ज्यू ३५, हंगेरियन २२, इटालियन ५० आणि रशियन ४५. तीही सरसकट निवडलेली नव्हती.

ही माणसे जहाजातील सर्वांत स्वस्त वर्गातून महासागर ओलांडून आलेली होती. थकलेली, धास्तावलेली, 'आपल्याला परत तर पाठवणार नाहीत ना' या चिंतेत असलेली. पाहिलेली आकृती आठवून काढायला सांगितले, तर काहींच्या हातात तोवर कधी पेन्सिलही आली नव्हती. तीन मिनिटांत साठ शब्द सुचतील तसे बोलायचे, असाही एक प्रश्न होता. अनोळखी अधिकाऱ्यासमोर उगाच शब्द उच्चारत सुटणे हे शहाणपणाचे लक्षण आहे, असे खेडेगावातून आलेल्या शेतकऱ्याला का वाटावे? हे आकडे गॉडर्ड यांना स्वतःलाही फार वाटले, म्हणून त्यांनी निकष सैल करून ते निम्म्यावर आणले. मोजपट्टीबद्दल मात्र शंका घेतली नाही.

त्याच बेटावर हॉवर्ड नॉक्स नावाचे डॉक्टर दुसरी वाट शोधत होते. त्यांनी लाकडी ठोकळ्यांची, तुकडे जुळवण्याची कोडी वापरली. चार ठोकळ्यांवर विशिष्ट क्रमाने टकटक करायची आणि समोरच्याने तसेच करून दाखवायचे, ही त्यांची चाचणी पुढे अनेक देशांत पोचली. भाषा वगळून कृतीतून पाहण्याच्या प्रयत्नांची ही एक महत्त्वाची सुरुवात.

साडेसतरा लाख सैनिक

मे १९१७ मध्ये, अमेरिका महायुद्धात उतरल्यावर, रॉबर्ट यर्कीस, टर्मन, गॉडर्ड आणि आणखी काही जण व्हाइनलँडला जमले. सैन्यभरतीसाठी त्यांनी दोन चाचण्या तयार केल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा' आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'बीटा'. सुमारे साडेसतरा लाख लोकांना त्या दिल्या गेल्या.

अल्फामध्ये एक प्रश्न होता : क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्को हा तिकडचा एक तुपासारखा घट्ट वनस्पती पदार्थ. आपल्याकडे येऊन पंधरा दिवस झालेल्या परदेशी माणसाला 'डालडा म्हणजे काय' असे विचारून त्याची बुद्धी ठरवण्यासारखेच हे झाले. बीटामध्ये शब्द नव्हते, पण चित्रे कसली होती? टेनिसचे मैदान, त्यात जाळे नाही. फोनोग्राफ, त्याला कर्णा नाही. काय राहिले आहे ते भरा! ज्याने टेनिस पाहिलेच नाही त्याला चित्रात काही कमी आहे असे दिसणारच नाही. शब्द काढून टाकले की संस्कृतीही निघून जाते, हा समज येथेच खोटा ठरायला हवा होता. चित्र हीसुद्धा एक भाषा आहे आणि ती शिकावी लागते.

या निकालांत एक बोलका आकडा होता. परदेशात जन्मलेल्या सैनिकांचे गुण त्यांच्या अमेरिकेतील वास्तव्याबरोबर वाढत जात होते. पाच वर्षांच्या आत आलेले सर्वांत खाली आणि वीस वर्षे राहिलेले जवळजवळ इथल्यांच्या बरोबरीने. याचा सरळ अर्थ, चाचणी अमेरिकेची ओळख मोजत होती. प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ च्या आपल्या पुस्तकात उलटा अर्थ लावला. पूर्वी आलेले लोक उत्तर युरोपातील चांगल्या वंशाचे होते आणि आता येणारे हलक्या वंशाचे आहेत, असे त्यांनी लिहिले. १९२४ मध्ये अमेरिकेने स्थलांतरावर कडक मर्यादा घातली. प्रत्येक देशाला १८९० च्या जनगणनेतील त्याच्या लोकांच्या दोन टक्के इतकीच जागा मिळाली, त्यामुळे दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांची वाट जवळपास बंद झाली. या कायद्यामागे राजकीय व आर्थिक कारणे बरीच होती आणि चाचण्यांचा वाटा किती यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण आधीच असलेल्या पूर्वग्रहाला आकड्यांचे वस्त्र मिळाले, एवढे नक्की.

विज्ञानाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवलीच पाहिजे. गॉडर्ड यांनी १९२८ मध्ये आपली अनेक मते मागे घेतली. १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी तर छापील लेखात कबूल केले की, उपलब्ध चाचण्यांवरून राष्ट्रांची किंवा वंशांची तुलना करता येत नाही आणि आपला स्वतःचा अभ्यास निराधार होता. असा कबुलीजबाब द्यायला धैर्य लागते. पण ज्यांना बंदरात उतरता आले नाही, त्यांच्यासाठी तो उशिरा आला.

पांढरी अस्वले आणि संत्र्याजवळची सुरी

याच सुमारास सोव्हिएत संघात वेगळ्या हेतूने काम चालले होते. शाळा आणि नवी कामे आल्यावर माणसाची विचार करण्याची पद्धत बदलते का, हे पाहायला अलेक्झांडर लुरिया १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तान व किर्गिझियाच्या खेड्यांत गेले. तपासणीच्या खोलीऐवजी त्यांनी चहापानाच्या वेळी गप्पांतून प्रश्न विचारले. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते, तिथे सगळी अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे. मग तिथली अस्वले कोणत्या रंगाची? निरक्षर शेतकरी उत्तर टाळत. आपण तिथे गेलेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कसे सांगावे, तिकडे जाऊन आलेल्याला विचारा, अशा अर्थाची उत्तरे येत. थोडीशी शाळा झालेले लोक मात्र चटकन 'पांढरी' म्हणत.

हा तर्कशक्तीचा अभाव म्हणायचा का? नीट पाहिले तर 'जे पाहिले नाही त्याबद्दल बोलू नये. हे मी पाहिले नाही. म्हणून मी बोलत नाही' हाही तर्कच आहे. शिवाय तो साक्षीपुराव्याच्या दृष्टीने अधिक काटेकोर आहे. शाळेत आपण शिकतो ती गोष्ट वेगळीच आहे : समोरच्याने मांडलेले विधान तात्पुरते खरे धरून पुढे जायचे. 'एका टाकीला दोन नळ आहेत' असे गणित घातले की 'कोणाची टाकी?' असे विचारायचे नाही, हा शाळेतला अलिखित करार असतो. तो करार ज्याला ठाऊक नाही, तो नापास होतो.

हीच गोष्ट १९६० नंतरच्या दशकात पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात फार सुंदर रीतीने उघड झाली. तेथील क्पेले लोक भातशेती करतात. अमेरिकन मुलांना सोपे वाटणाऱ्या चाचण्यांत ते मागे पडत. जॉन गे आणि मायकेल कोल यांनी मग त्यांच्या रोजच्या व्यवहारातला प्रश्न विचारला : या भांड्यात किती कप तांदूळ असेल? आता क्पेले माणसांचा अंदाज जवळजवळ बरोबर येई आणि शिकलेल्या अमेरिकनांचा साफ चुके.

पुढे कोल यांचे सहकारी जोसेफ ग्लिक यांनी वीस वस्तू समोर ठेवल्या. खाण्याचे पदार्थ, कपडे, अवजारे आणि स्वयंपाकाची भांडी. एकमेकांसोबत जाणाऱ्या वस्तू लावायला सांगितल्यावर माणसे सुरी संत्र्याजवळ ठेवत, कारण सुरीने संत्रे कापतात. शहाणा माणूस असेच करील, असेही ते सांगत. चाचणीच्या नियमाने ही खालच्या पायरीची उत्तरे; 'अवजारे एका गटात, फळे दुसऱ्या गटात' हे वरच्या पायरीचे. शेवटी वैतागून संशोधकाने विचारले, मग वेडा माणूस हे कसे लावील? आणि लगेच चार नीटनेटके गट तयार झाले. खाण्याचे, कपड्यांचे, अवजारांचे, भांड्यांचे!

वर्गीकरण त्यांना येत होते. ते कशाच्याही उपयोगाचे नाही असे त्यांचे मत होते, एवढेच. चाचणीने इतके दिवस क्षमता मोजली असे आपण समजत होतो. तिने मोजली होती ती क्पेले माणसाची 'शहाणपणा' या शब्दाची समजूत. हा एक प्रश्न सुचला नसता, तर आणखी एका समाजाच्या नावापुढे कमी गुण लिहून लेख छापून झाला असता.

धारवाड, अलाहाबाद, नागपूर

आपल्या देशात चाचण्या आल्या त्या बहुधा रूपांतराच्या वाटेने. लाहोरमध्ये सी. हर्बर्ट राइस यांनी केलेली हिंदुस्थानी बिने चाचणी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने चाचणीचे रूपांतर केले. त्याचा अहवाल १९३४ मध्ये आणि पुस्तक १९४० मध्ये आले. 'बिने-कामत' या नावाने ही चाचणी पुढे कित्येक दशके आपल्या मार्गदर्शन केंद्रांत वापरली गेली. सी. एम. भाटिया यांनी उत्तर प्रदेशातील मुलांवर काम करून १९५५ मध्ये पाच कृतिचाचण्यांचा संच दिला. देशात निरक्षर मुले बहुसंख्य असताना शब्दांवर विसंबून चालणार नाही, हा त्यामागचा विचार. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलर यांच्या मुलांच्या चाचणीला भारतीय रूप दिले.

रूपांतर म्हणजे केवळ भाषांतर नव्हे, हे या लोकांना पक्के माहीत होते. याचे एक उदाहरण वेल्समधून मिळते. तेथे इंग्रजी व वेल्श अशा दोन्ही भाषा येणारी माणसे वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात ठेवू शकत. १९८० मध्ये एलिस व हेनेली यांनी दाखवले की, वेल्शमध्ये अंकांची नावे उच्चारायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती स्मरणात कमी मावतात. माणूस तोच, स्मरणशक्ती तीच, भाषांतरही अचूक; तरी निकाल वेगळा! म्हणूनच प्रत्येक भाषेत, प्रत्येक समाजात पुन्हा नव्याने मुलांना चाचणी देऊन सरासरी ठरवावी लागते. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. तेही एकदाच करून भागत नाही, कारण पिढी बदलते तशी सरासरीही बदलते. आणि शहरी मराठी मुलांवर ठरवलेली सरासरी मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला लावली, तर एलिस बेटावरची चूक आपण आपल्याच घरात करतो.

न्यायालयाच्या दारात

ही चूक किती महाग पडते, हे कॅलिफोर्नियात दिसले. तेथील नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांना इंग्रजीतील चाचणीवरून मंदबुद्धी मुलांच्या वर्गात टाकले होते. त्यांच्या घरची भाषा स्पॅनिश. चाचणी स्पॅनिशमध्ये पुन्हा घेतली तेव्हा त्यांचे बुद्ध्यंक सरासरीने पंधरा गुणांनी वाढले आणि बहुतेक मुले त्या वर्गाच्या मर्यादेबाहेर आली. 'डायना' नावाने ओळखला जाणारा हा खटला १९७० मध्ये तडजोडीने मिटला आणि मुलाच्या भाषेतही चाचणी घेण्याचे राज्याने मान्य केले. १९७९ मध्ये 'लॅरी पी.' खटल्यात न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यंक चाचणी वापरण्यास मनाई केली. राज्याच्या शाळांत ही मुले सुमारे दहा टक्के होती, त्या वर्गांत मात्र सुमारे पंचवीस टक्के. त्या वर्गांत शिकवणे इतके जुजबी होते की, एकदा गेलेले मूल मुख्य वर्गात परतणे कठीणच. चुकीचा आकडा काही वर्षांनी खरा होऊन बसे!

मग चाचण्या टाकून द्यायच्या का?

तसे आम्हाला वाटत नाही. चाचणी नसेल तर निर्णय पुन्हा कोणाच्या तरी मनावर जाईल, आणि बिने यांनी ती केली ती याच धोक्यामुळे. ज्या मुलाला खरोखर मदत हवी आहे त्याच्याकडे दुर्लक्ष होणे, हाही अन्यायच. प्रश्न आहे तो आकडा कसा वाचायचा याचा. इस्रायलमध्ये मोरोक्कोहून आलेल्या मुलांबरोबर काम करताना रूव्हेन फॉयरस्टाइन यांनी एक चांगली रीत घालून दिली : आधी तपासा, मग तसेच थोडे शिकवा, मग पुन्हा तपासा. पहिला आकडा मुलाला आतापर्यंत काय मिळाले ते सांगतो आणि दोन आकड्यांतील अंतर ते काय घेऊ शकते ते सांगते. ही रीत वापरायला कोणत्याही वर्गात अडचण नाही.

आपल्या शाळेतील एखाद्या मुलाचा अहवाल हाती आला, तर काही साधे प्रश्न जरूर विचारावेत. चाचणी कोणत्या भाषेत झाली? मुलाच्या घरी ती बोलतात का? सरासरी कोणत्या मुलांवरून आणि किती वर्षांपूर्वी ठरवली? दुभाषी होता का, आणि त्याला काय वाटले? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हेच मूल घरी, बाजारात, शेतावर, लहान भावंडाला सांभाळताना कसे वागते? केवळ चाचणीच्या खोलीत मंद ठरणारे मूल बाहेर चटपटीत असेल, तर आधी खोलीची चौकशी करावी.

शेवटी एक प्रयोग सुचवतो. मुलांसमोर बारा-पंधरा वस्तू ठेवा : विळी, खुरपे, बटाटा, कांदा, वाटी, पळी, टोपी, रुमाल, अशा कोणत्याही. 'एकमेकांसोबत जाणाऱ्या वस्तू लावा' एवढेच सांगा. प्रत्येक गटाला आपली मांडणी समजावून सांगू द्या, आणि 'चूक' हा शब्द वापरू नका. मग विचारा, हेच तुमची आजी कसे लावील? दुकानदार कसे लावील? आणि वेडा माणूस? मुलांना वर्गीकरणाचा धडा मिळेल. आपल्याला बहुधा त्याहून मोठा मिळेल.